हॅडली क्रीकच्या अलीकडे एकाहत्तर मैल

"काका, तुम्ही खरंच कधी सायकलने कॅन्ससला जाणार आहात, की दर वर्षी पिकनिकला नुसतं सांगणार आहात?"

हा प्रश्न मी विचारला. मे महिन्यातल्या एका रविवारी, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या तळ्याकाठी, आमच्या मराठी मंडळाच्या साठ-सत्तर माणसांसमोर. इशिता आणि अनया माझ्या मागे उभ्या राहून एकमेकींना चिमटे काढत होत्या. डेअर त्यांचंच होतं. "तू विचारूच शकत नाहीस, मृणालिनी. नो वे, यार."

त्या वसंतात मला सोळावं संपलं होतं, दातांवरच्या तारा निघाल्या होत्या आणि शाळेच्या डिबेट टीममध्ये माझी निवड झाली होती. कुणालाही काहीही विचारता येतं असं मला वाटायला लागलं होतं.

सगळे हसले. गुरुदत्त काका हसले नाहीत. त्यांनी हातातली मिसळीची वाटी खाली ठेवली, रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, "तीस जूनला. येतेस?"

गुरुदत्त काका म्हणजे आमच्या मंडळातले सगळ्यात जुने. नागपूरहून एकोणीसशे बहात्तरला आलेले डॉक्टर, आता पासष्ट वर्षांचे, नुकतेच रिटायर झालेले. त्यांची पहिली नोकरी कॅन्ससमधल्या हॅडली क्रीक नावाच्या गावात, बारा खाटांच्या हॉस्पिटलात. गाडी चालवायचं लायसन्स नव्हतं, म्हणून हॉस्पिटलने त्यांना एक जुनी सायकल दिली. वर्षभर ते त्या सायकलवरून शेताशेतात जाऊन पेशंट तपासत असत. गाव त्यांना सायकलवाले डॉक्टर म्हणायचं. दर पिकनिकला ही गोष्ट व्हायची आणि शेवट ठरलेला असायचा: एक दिवस मी परत जाणार, आणि सायकलनेच जाणार.

ह्या वर्षी मात्र त्यांच्या खिशात एक पत्र होतं. तिथली जुनी नर्स लोरीन हिचं. ते छोटं हॉस्पिटल तीस जून दोन हजार सातला कायमचं बंद होणार होतं. त्या दुपारी जुने सगळे एकत्र जमणार होते. जे उरले होते ते.

आईने अट घातली की रेणू मावशी बरोबर असेल तरच. रेणू मावशी आईची पुण्याची मैत्रीण, बाबांच्याच कंपनीत प्रोग्रॅमर. कॉलेजला असताना ती सायकलवरून सिंहगडाच्या पायथ्याशी जायची, हे ती कुणालाही विसरू देत नसे. एकोणीस जूनला सकाळी आम्ही तिघं निघालो. बारा दिवस, साडेपाचशे मैल. निघताना काकांनी एकच नियम सांगितला. "पाय काय म्हणतात ते ऐकायचं. नाही जमलं तर वाटेत कुणाच्या तरी गाडीत बसायचं. गाडीत बसल्याने कुणी मरत नाही."

माझ्या मनात वेगळा नियम होता. एकही मैल गाडीने नाही. इशिता आणि अनयाला मी तसं सांगून ठेवलं होतं. वाटेत ज्या गावात लायब्ररी लागेल तिथून मी त्यांना ईमेल करायचे: "अठ्ठेचाळीस मैल. झिरो कार." त्या 'झिरो'चा मला किती अभिमान वाटायचा, हे आता लिहितानाही लाज वाटते.

पहिले आठ दिवस खरोखर मजेचे गेले. मिनेसोटा संपून आयोवा लागलं तशी तळी नाहीशी झाली आणि दोन्ही बाजूंना मका सुरू झाला. समोर एखादा पाण्याच्या टाकीचा मनोरा दिसायचा, त्यावर गावाचं नाव. पोचायला अजून तास लागायचा! वारा बहुतेक समोरूनच. एका दिवशी तो इतका होता की उतारावरसुद्धा पेडल मारावं लागलं. कुत्री मागे लागली, नेब्रास्कात शिरताना रस्त्याकडेच्या काट्यांनी एका दुपारी माझी चार पंक्चर झाली. रेणू मावशीने कॅरियरच्या पिशवीत दोन लिटरचा कुकर आणला होता. एका गावच्या पार्कमध्ये त्याची शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतले आजोबा हातात बूट घेऊन बाहेर पळाले.

"खिचडी आहे," मावशीने त्यांना सांगितलं.

"ती फुटणार आहे का?" त्यांनी विचारलं.

आयोवातल्याच एका दुपारी, धान्याच्या उंच कोठाराच्या सावलीत बसलो असताना काकांनी ती गोष्ट सांगितली जी पिकनिकला कधी सांगितली नव्हती.

झालं होतं असं की समोरच्या छोट्या चर्चमधल्या बाई सगळ्यांना 'पाय' वाटत होत्या, म्हणजे सारण भरून भाजलेली गोड पोळी. रबार्ब नावाच्या आंबट देठांचं सारण, लालसर, वरून साखर. त्यांनी मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "नो, नो, थँक यू." बाई हसल्या आणि ताट घेऊन पुढे गेल्या. मावशी त्या ताटाकडे बघत राहिली.

"दुसऱ्यांदा विचारतात की नाही माणसं?" ती पुटपुटली.

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "रेणू, सहा वर्षं झाली तुला इथे. अजून आग्रहाची वाट बघतेस? इथे नाही म्हणजे नाही." मग त्यांनी डोळे पुसले. "मी ह्या 'नको'पायी मोठी किंमत मोजलीये."

हॅडली क्रीक सोडून मिनिआपोलिसला यायचं ठरलं तेव्हा लोरीनने त्यांना विचारलं होतं: डॉक्टर, तुमच्यासाठी निरोपाचं जेवण करू या का? काका म्हणाले, छे छे, कशाला उगीच त्रास, नको. आपण म्हणतो तसं. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी सूट इस्त्री केला, टाय बांधला आणि खोलीत बसून राहिले. गाव आता बोलवायला येईल म्हणून. सहा वाजले, सात वाजले. कुणी आलं नाही. सकाळच्या बसने ते निघून आले.

"मी समजलो, ह्यांना माझं काही वाटलं नाही," काका म्हणाले. "आणि ते समजले, ह्याला आपलं काही वाटलं नाही. पस्तीस वर्षं लागली ते कळायला." त्यांनी लोरीनचं पत्र काढून शेवटची ओळ आम्हाला वाचून दाखवली. मागच्या वेळी विचारलं तर तुम्ही नको म्हणालात. ह्या वेळी विचारत नाहीये, सांगतेय. या.

मावशीने नाक पुसलं. मला मात्र तेव्हा एवढंच वाटलं की किती क्यूट गोष्ट आहे, इशिताला लिहायला पाहिजे.

अकराव्या दिवशी, एकोणतीस जूनच्या शुक्रवारी, दक्षिण नेब्रास्कातून निघालो तेव्हा एकशे चार मैल राहिले होते. दोन दिवस बावन्न बावन्न, शनिवारी दुपारपर्यंत हॅडली क्रीक. सगळं गणितात बसत होतं.

पण काका त्या दिवशी बरे नव्हते. पहाटेपासून त्यांच्या पोटरीत गोळे येत होते. नऊ वाजताच उकाडा असा की डांबर टायरला चिकटत होतं. दर दोन मैलांवर ते उतरायचे, पाय चोळायचे, मीठ घातलेलं पाणी प्यायचे. "तू हो पुढे ग पोरी," ते म्हणाले. "चौकात थांब. मी आणि रेणू येतो मागून."

मी पुढे झाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. पाय मोकळे झाले होते, वारा नव्हता, आणि असं वाटत होतं की सगळा देश माझ्या चाकांखालून मागे सरकतोय. एकतीस मैल झाले तिथे एक खडीचा रस्ता आडवा येत होता. तिथे थांबले. मागे वळून पाहिलं तर काका आणि मावशी अर्ध्या मैलावर, दोन ठिपके.

तेव्हा पश्चिमेकडे पाहिलं. आभाळाच्या खालच्या कडेला काळी पट्टी आली होती. तिच्यावरचं आभाळ हिरवट. मी तसं आभाळ पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

खडीच्या रस्त्यावरून एक पांढरा पिकअप आला आणि माझ्याजवळ थांबला. चालवणारी बाई आईपेक्षा जरा मोठी, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी.

"वादळ येतंय, हनी," ती म्हणाली. "गारा आहेत त्यात. तुम्ही किती जण आहात?"

"तिघं."

"सायकली मागे टाका. माझं घर तीन मैलांवर आहे, लाल पत्रपेटी. तळघर आहे. वादळ गेलं की परत इथेच आणून सोडते."

इथेच आणून सोडते म्हणाली ती. म्हणजे माझा एकही मैल बुडणार नव्हता. पण ते मला तेव्हा सुचलं नाही. मला सायकलच्या हँडलवरचा मीटर दिसला, आणि ईमेलमधला झिरो दिसला, आणि इशिता-अनयाचे चेहरे. मी डिबेटमध्ये उभी राहते तशी उभी राहिले आणि म्हणाले, "नो, थँक यू. वी आर गुड."

"खात्री आहे ना?"

ऐकलंत ना? तिने दुसऱ्यांदा विचारलं! मावशीला जे कुणी विचारलं नव्हतं, ते मला विचारलं.

"येस. टोटली."

ती खांदे उडवून वळली आणि धूळ उडवत आल्या रस्त्याने परत गेली.

दहा मिनिटांनी काका पोचले. चेहरा लाल, ओठ पांढरे. "कोण होतं ग?"

"असंच," मी म्हणाले. "हाय म्हणायला थांबली होती."

हे मी बोलले. डिबेटसारखं, न अडखळता.

पुढच्या गावापर्यंत सात मैल होते. आम्ही दोन गेलो असू. आधी वारा पूर्ण थांबला. मक्याचं एक पान हलेना. दूरच्या गावाचा भोंगा सुरू झाला, बारीक आणि लांब. मावशी ओरडली, "काका, आडोसा बघा!" आडोसा कुठे? सपाट जमीन, मका, तारांचं कुंपण. शंभर यार्डांवर ओढ्यावरचा एक छोटा सिमेंटचा पूल दिसत होता. "तिकडे! कडेच्या उताराखाली!"

मग वारा आला.

उजवीकडून, एखादा दरवाजा अंगावर पडावा तसा. माझी सायकल रस्त्याच्या पलीकडे गेली. मी पडले, उठले, सायकल ओढत धावले. पहिली गार हेल्मेटवर बसली. लिंबाएवढी! मग दुसरी हातावर, मग मोजता येईनात. मागे वळले तर काका अजून सायकलवर. त्यांच्याच्याने उतरवत नव्हतं, पोटरीत पुन्हा गोळा आला होता. वाऱ्याने त्यांना उचललं. मी पाहिलं. सायकल आधी गेली, मग काका, आणि दोघं रस्त्याकडेच्या चरात दिसेनासे झाले.

मी आणि मावशीने त्यांना काखेत धरून पुलाकडच्या उतारावर ओढलं. मावशीने कुकर पालथा करून त्यांच्या डोक्यावर धरला. गारा कुकरवर वाजत होत्या. काकांचा उजवा खांदा खाली लोंबत होता आणि ते इंग्रजीत कुणाला तरी काहीतरी समजावत होते. लोरीन, खिडकी लाव, असं.

"फोन लागत नाहीये," मावशी म्हणाली. तिच्या कपाळावरून रक्त येत होतं. "मृणालिनी, जवळ कुठे घर असेल?"

मला माहीत होतं कुठे घर आहे.

गारा थांबून पाऊस सुरू झाला तशी मी निघाले. दोन मैल मागे, मग खडीवरून तीन मैल. खडीचा चिखल झाला होता. चाक रुतत होतं. शेवटचा मैल मी सायकल टाकून पळाले. डिबेट टीम नाही, मीटर नाही, काही डोक्यात नव्हतं. लाल पत्रपेटी, लाल पत्रपेटी.

दार त्याच बाईने उघडलं. तिचं नाव कॅरल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"पण हनी," ती म्हणाली, "तू तर म्हणालीस, तुम्ही ठीक आहात."

मी दाराला धरून काका चरात पडल्याचं सांगितलं. तिने पाणी देऊ का विचारलं. मी हो म्हणाले. लगेच.

जवळच्या गावातल्या हॉस्पिटलात काकांना ठेवलं. कॉलरबोन मोडलं होतं, आणि डोक्याला मार बसल्यामुळे निदान दोन रात्री हलवायचं नाही असं सांगितलं. काका स्वतः डॉक्टर, त्यांनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "उद्या दुपारी दोन तास गाडीतून?" तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "माझ्या जागी तुम्ही असता तर सोडलं असतंत?" काकांनी मान हलवली. नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता त्यांनी खोलीतल्या फोनवरून हॅडली क्रीकला फोन लावला. उजवा हात गळ्यात, डाव्याला सलाइन, रिसीव्हर धरता येईना, म्हणून मी तो त्यांच्या कानाशी धरून उभी होते. पलीकडे खूप माणसांचा आवाज होता, खुर्च्या सरकत होत्या. एकेक जण येऊन बोलत होता. काका सगळ्यांना तेच सांगत होते. "पडलो. नाही, फार काही नाही. हो, सायकलनेच येत होतो." ते हसत होते आणि त्यांच्या कानाशी धरलेला माझा हात ओला होत होता.

शेवटी लोरीन आली. तिचं बोलणं मला तुटक ऐकू आलं. त्यांनी ठरवलं होतं की दाराला शेवटचं कुलूप डॉक्टरांनी लावायचं. चार वाजेपर्यंत थांबले होते सगळे. आता तीच लावेल. "ऐका," ती म्हणाली, आणि बहुधा फोन दाराजवळ नेला.

काकांनी डोळे मिटले. मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "झालं बंद," आणि मला रिसीव्हर खाली ठेवायला खूण केली.

"सॉरी, काका," मी म्हणाले.

"तू कशाला सॉरी? वादळ काय तू आणलंस?" त्यांनी छताकडे पाहिलं. "गंमत सांगू? त्या पिकनिकच्या दिवशी सकाळी मी विमानाचं तिकीट बघून ठेवलं होतं. विचिटापर्यंत विमान, पुढे गाडी. मग तू तो प्रश्न विचारलास." ते खरंच गंमत सांगत होते. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. दोष असता तर मला ते सोसलं असतं.

आई-बाबा रात्रभर गाडी चालवून रविवारी सकाळी पोचले. काकांना सोडलं तेव्हा आम्ही सगळे पार्किंगमध्ये उभे होतो. काका व्हीलचेअरवर, हात गळ्यात. कॅरलच्या नवऱ्याने आमच्या सायकली आणून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. काकांच्या सायकलचं पुढचं चाक पापडासारखं वाकलं होतं.

आईने आधी मला घट्ट धरलं, मग सोडलं, मग काकांकडे वळली. "काका, राग मानू नका, पण आभाळ दिसत नव्हतं का तुम्हाला? लहान मुलगी बरोबर होती."

"दिसत होतं, सुवर्णा," काका म्हणाले. "माझं चुकलं. वेळेवर थांबायला हवं होतं."

"काकांना काय बोलतेस," बाबा म्हणाले, पण त्यांनाही तेच म्हणायचं होतं, हे दिसत होतं. ते गाडीच्या मागच्या रॅकचे पट्टे सोडवायला लागले.

रेणू मावशीच्या कपाळावर पाच टाके होते. ती बाबांना म्हणाली, "अरुण, मला मंगळवारपर्यंत सुट्टी आहे. एकाहत्तर मैल राहिलेत. हवा छान आहे. मी हिला घेऊन पूर्ण करू का? हॅडली क्रीकहून बसने येऊ."

मला वाटलं आई नाही म्हणेल. आईने नुसतं बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "तसं बघितलं तर चांगलंच आहे. एवढी आलीच आहे. कॉलेजच्या अर्जात 'जवळजवळ पोचले' असं लिहिता येत नाही."

"जा पोरी," काका म्हणाले. "तुझे पाय शाबूत आहेत. लोरीन सोमवारपर्यंत आहे तिथे. तिला सांग, डॉक्टर पडले पण त्यांची माणसं आली. मला बरं वाटेल."

आणि मला जायचं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. माझा मीटर त्या मारातसुद्धा फुटला नव्हता, चारशे ऐंशीच्या वर आकडा होता. इशिता आणि अनयाला अजून काही कळलेलं नव्हतं. दीड दिवस, की मी मिनेसोटाहून कॅन्ससला सायकलने गेलेली मुलगी.

"कॅरल वादळाच्या आधी भेटली होती मला," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काकांकडे बघत राहिले, कारण बाकी कुणाकडे बघून हे बोलता आलं नसतं.

"त्या चौकात. ती तिघांना घरी न्यायला आली होती. दोनदा विचारलं तिने. मी तुम्हाला न विचारता नको म्हणाले. माझे मैल बुडतील म्हणून. आणि तुम्हाला सांगितलं की ती हाय म्हणायला थांबली."

पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी मागे घेताना बीप बीप वाजत होती.

"पांढरा पिकअप?" काकांनी विचारलं.

"हो."

"मी हात केला होता त्याला," काका म्हणाले. "लांबून. मला वाटलं, तिला दिसलो नाही मी." ते आपल्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते मोठ्या माणसासारखे हसलेही नाहीत. पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

आईने तोंडावर हात ठेवला होता. बाबांच्या हातात रॅकचा पट्टा तसाच लोंबत होता.

"त्यामुळे मी पुढे जाणार नाही," मी आई-बाबांना सांगितलं. "रेणू मावशी नाही, बस नाही, काही नाही. जिथे काकांना पोचता आलं नाही, तिथे मी पोचणार नाही. लोरीनला मी आज फोन करून सांगणार आहे की डॉक्टर का आले नाहीत. इशितालाही लिहिणार आहे. आणि कॉलेजच्या अर्जात ही ट्रिप येणार नाही, बाबा. माझी सायकलही बांधा रॅकवर. मी घरी येतेय."